सहीमागचा प्रश्न : अंतर्गत नियंत्रणांच्या ऑडिट सेवेचा दोन वर्षांचा अनुभव

आमच्या कंपनीच्या वार्षिक हिशेबांचे आणि त्या हिशेबांवरील अंतर्गत नियंत्रणांचे लेखापरीक्षण गेली दोन वर्षे एकच ऑडिट फर्म करते आहे. हिशेब विभागाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे नियोजनाच्या पहिल्या बैठकीपासून लेखापरीक्षण समितीपुढे अंतिम अहवाल ठेवला जाईपर्यंतचा प्रत्येक टप्पा मी जवळून पाहिला आहे, आणि फर्मचे नाव न घेता या सेवेबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. या विषयावर जे लेखन वाचायला मिळते ते बहुतेक लेखापरीक्षकांनी लेखापरीक्षकांसाठी केलेले असते. ज्यांच्या टेबलावर ही तपासणी होते त्यांची बाजू फारशी कुठे दिसत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगते. पहिल्या वर्षी मिळालेली सेवा बेताची होती, दुसऱ्या वर्षीची बहुतांशी उत्तम होती, आणि संगणकप्रणालीच्या तपासणीत मात्र दोन्ही वर्षी आमची निराशा झाली.

ही सेवा नेमकी कशाची, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण कंपनीतल्याच अनेकांना नेहमीचे ऑडिट आणि हे ऑडिट यांतला फरक ठाऊक नसतो. नेहमीच्या ऑडिटमध्ये ताळेबंदातला आकडा बरोबर आहे का, हे पाहिले जाते. नियंत्रणांच्या ऑडिटमध्ये तो आकडा ज्या व्यवस्थेतून तयार होतो, तिच्यात चूक किंवा लबाडी शिरली असती तर ती वेळेत अडली असती का, किंवा निदान सापडली असती का, हे पाहिले जाते. आकडा यंदा बरोबर निघाला तरी तो व्यवस्थेमुळे बरोबर निघाला की योगायोगाने, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत एन्रॉन आणि वर्ल्डकॉम या बड्या कंपन्यांचे हिशेब कोसळले आणि २००२ साली सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा आला. त्याच्या कलम ४०४ ने व्यवस्थापनाला या नियंत्रणांचे मूल्यमापन करणे आणि लेखापरीक्षकाला त्यावर मत देणे भाग पाडले. पुढे जपानने आणि भारतानेही आपापल्या पद्धतीने ही जबाबदारी कायद्यात आणली. भारतात ती २०१३ च्या कंपनी कायद्यातून आली. मोजमापाची पट्टी म्हणून अनेक ठिकाणी कोसो या अमेरिकी समितीची चौकट वापरतात. ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, २०१३ मध्ये सुधारली गेली, आणि आजच्या रूपात तिच्यात पाच घटक आणि सतरा तत्त्वे आहेत.

पहिल्या वर्षी फर्मने आणलेली यादी लांबलचक होती. कंपनीत जिथे जिथे कोणी कशावर सही करते, ती प्रत्येक जागा म्हणजे एक नियंत्रण, असे धरून ती केलेली दिसत होती. किरकोळ रोकडीच्या वहीला जेवढा वेळ दिला गेला, तेवढाच महसुलाच्या नोंदींना. देयकांचे पंचवीस व्हाउचर मागवले गेले, प्रत्येकावर दोन सह्या आहेत का आणि दुसरी सही पहिलीच्या नंतरची आहे का ते पाहिले गेले, आणि कागद परत आले. एकच करारपत्र तीन वेगवेगळ्या कनिष्ठ लेखापरीक्षकांनी तीन वेगवेगळ्या दिवशी मागितले, कारण त्यांच्या आपसात फाइलींची देवाणघेवाण होत नव्हती. या कामाची जातकुळी जुनी आहे. अमेरिकेत २००४ मध्ये आलेल्या पहिल्या मानकाखाली ऑडिटमध्ये अशीच सरसकट तपासणी झाली, खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाढले, आणि म्हणून २००७ मध्ये ते मानक बदलून वरून खाली येण्याची, जोखमीवर आधारलेली पद्धत रूढ करण्यात आली. म्हणजे जो धडा या व्यवसायाने कधीच शिकलेला आहे, तो आमच्याकडे आलेल्या चमूपर्यंत पोहोचला नव्हता. त्या वर्षीचे मत स्वच्छ आले आणि संचालक मंडळाला समाधान वाटले. मला मात्र आपण तपासले गेलो आहोत असे वाटले नाही.

दुसऱ्या वर्षी फर्म तीच राहिली, पण कामाची सूत्रे नव्या मॅनेजरकडे गेली. त्यांनी पहिल्या बैठकीत नियंत्रणांची यादी उघडलीच नाही. आदल्या वर्षीचा ताळेबंद आणि नफातोटा पत्रक समोर घेतले आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारले, की हा आकडा चुकला तर तो कोणत्या बाजूने चुकेल: जास्त दाखवला जाईल, कमी दाखवला जाईल, चुकीच्या वर्षात पडेल, की अजिबात नोंदलाच जाणार नाही? देण्यांच्या बाबतीत भीती राहून जाण्याची असते, महसुलाच्या बाबतीत वेळेआधी नोंदण्याची, साठ्याच्या बाबतीत अस्तित्वाची आणि मूल्याची. हे ठरल्यावरच त्या भीतीला अडवणारे नियंत्रण कोणते, याची चर्चा सुरू झाली. या क्रमाने गेल्यावर यादी जवळजवळ निम्मी झाली, आणि जी निम्मी उरली तिच्यात आदल्या वर्षी नसलेल्या काही नोंदी आल्या. लेखापरीक्षण समितीच्या बैठकांची इतिवृत्तेही त्यांनी मागून घेतली. बैठक झाली हे पाहण्यासाठी नव्हे; सदस्यांनी कोणते प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे पुढच्या बैठकीत आली का, आणि एखादा प्रश्न अनुत्तरित राहूनच गळून पडला का, हे त्यांना पाहायचे होते. कंपनीच्या वरच्या पातळीवरचे वातावरण मोजायचे तर याहून नेमके साधन मला माहीत नाही.

या सेवेचा कस ज्या दुपारी लागला ती दुपार थोडी सविस्तर सांगते. ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमांवर दर महिनाअखेरीला बुडीत कर्जाची तरतूद काढली जाते. त्यासाठी येण्यांचा वयोमानानुसार अहवाल निघतो, म्हणजे तीस दिवसांपर्यंतची येणी, साठपर्यंतची, नव्वदपर्यंतची आणि त्यापुढची असे रकाने. प्रत्येक रकान्याला ठरलेली टक्केवारी लावली की तरतूद येते. हा अहवाल आमच्या वसुली विभागाच्या प्रमुख तपासतात आणि त्यावर सही करतात. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि कामात त्या चोख आहेत. पहिल्या वर्षी या नियंत्रणाची नोंद ‘सही आहे, तारीख आहे’ एवढ्यावर मिटली होती. दुसऱ्या वर्षी मॅनेजर स्वतः त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, या अहवालात काय दिसले असते तर तुम्ही सही केली नसती?”

बाई थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, “एखाद्या मोठ्या ग्राहकाचा आकडा नव्वद दिवसांच्या पुढे गेला, की मी विक्रीवाल्यांना फोन करते.”

“मोठा म्हणजे किती?”

“तसा आकडा ठरवलेला नाही. सवयीने कळते.”

“आणि असा फोन केल्याची एखादी नोंद, एखादी ईमेल?”

दोन ईमेल सापडल्या. वर्षभरात फोन त्याहून कितीतरी जास्त झाले होते, हे मलाही ठाऊक होते, पण दाखवण्यासारखे काही नव्हते. नुसत्या विचारपूशीवर नियंत्रण चालते असा निष्कर्ष काढता येत नाही, हा या ऑडिटचा मूलभूत नियम आहे. विचारपूस करावी, काम चालू असताना पाहावे, कागद तपासावा, आणि जमेल तिथे तेच काम स्वतः पुन्हा करून पाहावे, अशी पुराव्याची चढती भाजणी आहे. कोणत्या फरकाला थांबायचे हे लिहून ठेवलेले नसेल, तर आढावा घेणारी व्यक्ती कितीही जाणकार असली तरी तिच्या नियंत्रणाची बारकाई मोजता येत नाही, आणि ती रजेवर गेली तर नियंत्रणही तिच्याबरोबर रजेवर जाते.

इथपर्यंत मीही अपेक्षा केली होती. पुढे जे झाले त्याची केली नव्हती. मॅनेजरनी अहवालातल्या सर्वांत जुन्या रकान्याकडे न पाहता सर्वांत ताज्या, तीस दिवसांच्या रकान्यातले एक बिल निवडले आणि त्याचे मूळ डिलिव्हरी चलन मागितले. चलन आले तेव्हा त्यावरची तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. ग्राहकाने मालाच्या संख्येवर हरकत घेतली की आमच्याकडे जुने बिल रद्द करून नवे काढले जात असे, आणि प्रणाली वय मोजायची ते नव्या बिलाच्या तारखेपासून. ज्या येण्यांवर वाद चालू आहे, म्हणजे जी बुडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तीच येणी अहवालात सर्वांत तरुण दिसत होती. आमच्या वसुलीप्रमुख ज्या कागदावर इतकी वर्षे विश्वासाने सही करीत होत्या तो कागदच अपुरा होता, आणि ही गोष्ट त्यांच्या टेबलावरून दिसण्याजोगी नव्हती. आढावा घेणाऱ्याला दिलेली माहिती पूर्ण आणि अचूक आहे का, हे वेगळे तपासावे लागते. ते तपासल्याशिवाय आढाव्याला अर्थ राहत नाही. हे वाक्य मी मार्गदर्शिकांमध्ये अनेकदा वाचले होते. त्या चलनावरची तारीख पाहिली तेव्हा ते मला पहिल्यांदा समजले. चूक शोधताना त्या मॅनेजरनी आमच्या सहकारी बाईंचा मान कुठेही कमी होऊ दिला नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. “तुम्हाला प्रणालीने बरोबर कागद दिला नाही,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुढची सगळी चर्चा प्रणालीवर नेली.

त्यानंतर जो वाद झाला त्यात मी सुरुवातीला चुकीच्या बाजूला होते. तरतुदीत प्रत्यक्ष पडलेला फरक आम्ही काढला तो बेताचाच निघाला. लेखापरीक्षकांनी ठरवलेल्या महत्त्वमर्यादेच्या, म्हणजे ज्याहून मोठी चूक पत्रके वाचणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम करू शकते त्या रकमेच्या, बराच खाली. मग ही उणीव किरकोळ का मानू नये, असे मी विचारले. उत्तर असे आले, की नियंत्रणातली उणीव किती गंभीर आहे हे प्रत्यक्ष किती चूक झाली यावरून ठरत नाही. किती होऊ शकली असती आणि तसे होण्याची रास्त शक्यता होती का, यावरून ठरते. म्हणून वर्षभरात रद्द करून पुन्हा काढलेल्या सगळ्या बिलांची एकूण रक्कम घेतली गेली. ती रक्कम पाहिल्यावर माझा आग्रह मावळला. उणिवेच्या तीन पायऱ्या असतात: साधी उणीव, लेखापरीक्षण समितीच्या कानावर घालण्याइतकी लक्षणीय उणीव, आणि तिसरी, जिला हिशेबाच्या जगात सगळे मटेरियल वीकनेस म्हणतात, म्हणजे वित्तीय पत्रकांतली मोठी चूक वेळेत अडणार किंवा सापडणार नाही अशी रास्त शक्यता निर्माण करणारी. तिसऱ्या पायरीवरची एकही उणीव वर्षाच्या अखेरच्या दिवशी शिल्लक असली, तरी अमेरिकी मानकानुसार नियंत्रणे परिणामकारक नाहीत असेच मत द्यावे लागते. मधला मार्ग नाही. आणि हिशेबाचे आकडे स्वतः बरोबर असले तरीही ते तसेच द्यावे लागते. मंडळातल्या काही सदस्यांना हे अन्यायाचे वाटते. मला आता वाटत नाही. घराचे कुलूप मोडके आहे का, हे विचारताना चोरी झाली होती का हे विचारून भागत नाही.

सुदैवाने ही गोष्ट वर्षाच्या आठव्या महिन्यात सापडली होती. मत दिले जाते ते वर्षाच्या अखेरच्या दिवसाचे, त्यामुळे मधल्या काळात दुरुस्ती करायला वाव असतो. पण नुसती दुरुस्ती करून भागत नाही, नवे नियंत्रण पुरेसा काळ चालवून दाखवावे लागते. आम्ही प्रणालीत वय मोजण्याची पद्धत बदलली, पुन्हा काढलेल्या बिलाला मूळ बिलाचा क्रमांक जोडणे सक्तीचे केले, आणि वसुलीप्रमुखांच्या आढाव्यासाठी रकमेची आणि दिवसांची मर्यादा लिहून ठरवली. महिन्यातून एकदा चालणारे नियंत्रण असल्याने उरलेल्या महिन्यांतले दोन आढावे तपासून लेखापरीक्षकांना निष्कर्ष काढता आला. नवी पद्धत कशी असावी हे त्यांनी सांगावे, अशी आमच्या एका संचालकांची अपेक्षा होती, आणि त्यांनी ती ठामपणे नाकारली. जे आपण उभारले तेच आपण तपासले तर तपासणीला किंमत राहत नाही, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. ज्यांना सल्लाही हवा आहे त्यांनी तो दुसरीकडून घ्यावा.

हाताने केलेल्या जर्नल नोंदींवर, म्हणजे प्रणालीतून आपोआप न येता कोणीतरी थेट हिशेबात घातलेल्या नोंदींवर, त्यांनी दिलेला वेळही मला सार्थकी लागलेला वाटला. वर्ल्डकॉममध्ये दूरसंचार जाळ्याच्या भाड्याचा चालू खर्च भांडवली मालमत्ता म्हणून दाखवण्यात आला होता. अब्जावधी डॉलरच्या त्या नोंदी मुख्यालयातून, पुरेशा आधारकागदांविना झाल्या होत्या, आणि त्या उघडकीला आणल्या त्या कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने. त्यामुळे महिनाअखेरीला, वरिष्ठ पातळीवरून, गोल आकड्यांत आणि त्रोटक तपशिलासह केलेल्या नोंदी हा या तपासणीचा केंद्रबिंदू असायलाच हवा. आमच्याकडे माझ्या स्वतःच्या नोंदीही त्यांनी वेगळ्या काढल्या. नोंद करण्याचा आणि मंजूर करण्याचा, असे दोन्ही अधिकार माझ्या लॉगिनला होते. ते मला माहीत होते आणि मी कधी वापरले नव्हते. कधी वापरले नाहीत याला काही अर्थ नाही, असे त्यांनी मला तोंडावर सांगितले, आणि त्याच आठवड्यात मी त्यांतला एक अधिकार सोडला.

बँकेच्या शिल्लकेबाबत त्यांची शिस्त पाहून मला विशेष बरे वाटले. आमच्या कोषविभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने मदत म्हणून बँकेचे शिल्लक-पत्र स्वतः आणून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा चमूतल्या सर्वांत कनिष्ठ लेखापरीक्षकाने नम्रपणे नकार दिला आणि बँकेला थेट पत्र पाठवले. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ताळेबंदातली ५,००० कोटी रुपयांहून अधिक रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. पुढच्या चौकशीत, बँकांकडून पुष्टी मिळवण्याच्या प्रक्रियेवर लेखापरीक्षकांनी स्वतःचे नियंत्रण ठेवले नव्हते हे समोर आले, आणि अमेरिकेतल्या नियामकांनी २०११ मध्ये त्याबद्दल कारवाई केली. त्या मुलाच्या नकारामागे हा सगळा इतिहास होता, तो त्याला माहीत असो वा नसो.

पगाराचे काम आम्ही बाहेरच्या संस्थेकडून करून घेतो. तिच्या नियंत्रणांवर तिच्या लेखापरीक्षकाने दिलेला अहवाल आमच्या लेखापरीक्षकांनी शेवटच्या पानापर्यंत वाचला, जे फार थोडे लोक करतात. तो अहवाल वर्षाच्या नऊच महिन्यांचा होता, उरलेल्या तीन महिन्यांसाठी संस्थेकडून पत्र घेण्यात आले, आणि नोकरी सोडून गेलेल्यांची नावे वेळेत कळवणे ही ग्राहक कंपनीची जबाबदारी असल्याचे त्या अहवालातच लिहिलेले असल्याने, आम्ही ते करतो का हेही तपासले गेले. करीत होतो, पण एका शाखेतून उशीर होत होता.

आता तक्रारीकडे येते, आणि ती लहान नाही. संगणकप्रणालीवरची सर्वसाधारण नियंत्रणे, म्हणजे कोणाला कोणता प्रवेश आहे, प्रणालीतले बदल कोण मंजूर करते, रात्रीची कामे नीट चालतात का, ही बाकी सगळ्याचा पाया असतात. खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल यांची तिहेरी जुळणी आमच्याकडे प्रणालीच करते. अशा स्वयंचलित नियंत्रणाची एकच चाचणी पुरते, कारण यंत्र आज जसे वागले तसेच उद्या वागेल. पण ते तसेच वागेल हे गृहीतक, त्या यंत्रात मधल्या काळात कोणी हात घातलेला नाही, या खात्रीवर उभे असते. म्हणून प्रवेशाची आणि बदलांची तपासणी आधी व्हायला हवी. आमच्याकडे दोन्ही वर्षी ती शेवटी झाली.

दुसऱ्या वर्षी आम्ही प्रणालीच्या सर्व वापरकर्त्यांची यादी पहिल्या तिमाहीतच दिली होती. ती उघडली गेली वर्ष संपायला तीन आठवडे असताना. त्या यादीत सर्वाधिकार असलेले एक सामायिक लॉगिन होते, ते तिघे जण वापरीत होते, आणि त्या तिघांपैकी एक प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचा मदतनीस अभियंता होता. या लॉगिनमधून मंजुरीच्या मर्यादा बदलता येत होत्या, आणि कोणी बदलल्या हे नावानिशी कळणे शक्य नव्हते. उणीव आमची होती, यात शंका नाही, आणि ती आधी आमच्याच लक्षात यायला हवी होती. पण तीन आठवड्यांत लॉगिन वेगळी करून, नवी पद्धत पुरेशी चालवून, तिची चाचणी करून घेणे अशक्य होते. लॉगिन आम्ही दोन दिवसांत वेगळी केली. त्यानंतर उरले ते भरपाईचे नियंत्रण, म्हणजे या उणिवेतून शिरलेली चूक दुसऱ्या ठिकाणी पकडू शकणारे नियंत्रण, शोधणे आणि प्रत्यक्ष काय घडले होते ते दाखवणे. प्रणालीतल्या बदलांची वर्षभराची नोंद डेटाबेसमधून काढली, प्रत्येक बदल मंजुरीच्या ईमेलशी जुळवला, आणि तिहेरी जुळणीची चाचणी एका बिलावर न थांबता मोठ्या नमुन्यावर पुन्हा केली. माझे चार सहकारी वर्षअखेरच्या सर्वांत कामाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत हेच करीत होते. अखेरीस ही उणीव लक्षणीय या पायरीवर थांबली, कारण महिनाअखेरीला मंजुरी-मर्यादांची छापील प्रत वित्तप्रमुख स्वतः तपासतात, हे नियंत्रण वर्षभर चालल्याचा पुरावा आमच्याकडे होता. तो कागद नसता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करते.

फर्मचे स्पष्टीकरण असे होते, की संगणकतज्ज्ञांचा चमू वेगळा असतो आणि तो अनेक कंपन्यांमध्ये विभागलेला असतो. हे खरे असेल, पण ही अडचण त्यांच्या वेळापत्रकाची आहे आणि तिचा भार आमच्यावर पडता कामा नये. हिशेबाचा चमू आणि संगणकाचा चमू एकमेकांशी किती कमी बोलतात, हे येण्यांच्या अहवालाच्या वेळीही दिसले होते. अहवालाच्या गणिताचा दोष हिशेबवाल्या मॅनेजरनी चलनावरून शोधला. तोच अहवाल संगणकाच्या चमूने आदल्या वर्षी तपासून ‘ठीक’ म्हटलेला होता, कारण त्यांनी बेरीज जुळते का एवढेच पाहिले होते.

लेखी अहवालाची भाषा हाही या सेवेचा भाग आहे आणि तिथे सुधारणेला जागा आहे. येण्यांच्या उणिवेबद्दल समितीला द्यायच्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात ‘वयोमान अहवालाच्या आढाव्याचे नियंत्रण अधिक बळकट करणे आवश्यक आहे’ असे एक वाक्य होते. ते वाचून कोणत्याही सदस्याला नेमके काय बिघडले हे कळले नसते. आम्ही विनंती केल्यावर ते बदलले आणि रद्द केलेली बिले नव्या तारखेने निघत असल्यामुळे जुनी येणी नवी दिसतात, त्यामुळे तरतूद कमी पडू शकते, असे सरळ लिहिले गेले. समितीच्या बैठकीत त्या एका वाक्यावर बराच वेळ चर्चा झाली. पहिल्या मसुद्यावर एक मिनिटही झाली नसती.

आमच्या बाजूने लागणारा वेळ कमी समजू नये. फर्मच्या शुल्कापेक्षा आपल्या माणसांचे तास हा खरा खर्च असतो, आणि तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे प्रत्येक नियंत्रण कोण, केव्हा, कोणता कागद पाहून, कोणत्या फरकाला थांबून करतो हे ऑडिट सुरू होण्याआधी स्वतःच लिहून काढणे. आमच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने केलेल्या चाचण्यांपैकी कमी जोखमीच्या जागांवरच्या चाचण्या फर्मने दुसऱ्या वर्षी ग्राह्य धरल्या, त्याने बराच भार हलका झाला. जोखमीच्या जागा त्यांनी स्वतःच तपासल्या, आणि तसेच व्हायला हवे.

ज्या कंपनीला फक्त स्वच्छ मताचा कागद हवा आहे तिला या मॅनेजरची पद्धत जाचक वाटेल. ज्या हिशेबप्रमुखाला आपल्या सह्यांखालचा कागद खरा आहे का हे जाणून घ्यायचे आहे, त्याने अशीच सेवा मागावी. मात्र फर्मच्या नावावर न जाता, आपल्या कामावर प्रत्यक्ष कोण मॅनेजर बसणार आणि वर्षातले किती दिवस बसणार, हे नेमणुकीआधी विचारून घ्यावे. दोन वर्षांत फर्म बदलली नव्हती, तरी मिळालेली सेवा पूर्णपणे वेगळी होती.

तिसऱ्या वर्षासाठी आम्ही त्यांनाच ठेवले आहे. नियोजनाच्या बैठकीत मी एकच गोष्ट लावून धरली: वापरकर्त्यांच्या प्रवेशाची आणि प्रणालीतल्या बदलांची पहिली चाचणी पाचव्या महिन्याच्या आत, आणि तिच्या वेळी हिशेबाच्या चमूतला एक जण हजर. वेळापत्रक गेल्या आठवड्यात आले. त्यात ती चाचणी चौथ्या महिन्यात धरली आहे, आणि तिच्यासमोर मॅनेजरनी स्वतःचे नाव लिहिले आहे.